जाळ्याला बांधलेले दगड

वसईच्या खाडीकाठच्या श्रीपतचा नव्या माणसावर विश्वास बसायचा, तो त्या माणसाची पाठ वळल्यावर. शहाण्णव-सत्त्याण्णव सालचे दिवसच तसे होते. कोणी झाडं मोजायला यायचं, कोणी पाणी तपासायला, आणि मागून बिल्डरची गाडी. शेजारच्या बळीरामने शेत विकलं, त्यावर भरावही पडला. आता नजर श्रीपतच्या शेतावर होती.

तशात त्याच्या शेतात कोळंबीचं तळं खणताना चिखलातून दगड निघाले. मुठीएवढे, मधोमध खाच पाडलेले. जुन्या वस्तू शोधत खाडीकाठी फिरणारी कॉलेजातली विनिता ते बघून हरखलीच.

"काका, जाळ्याची वजनं ही! लोखंड माहीत नव्हतं तेव्हाची. पुढच्या आठवड्यात येऊन जागा आखते. तोवर हात लावू नका."

ती गेली तसा श्रीपत बायकोला म्हणाला, "हंसा, जागा आखनार म्हने! आज दोरी, उद्या कुंपन."

"अवो, पोर साधी दिसते."

"साधीच पाठवतात."

त्याने दगड टोपलीत भरले आणि सॅन्टनकडे नेले. सॅन्टन त्याचा जुना दोस्त, खाडीत जाळं लावायचा.

"बांध तुझ्या जाळ्याला. जाळ्यातल्या दगडाला कोन विचारतो?"

"तुला तुझी सावली पन बिल्डरची वाटते रे," सॅन्टन हसला; पण बांधले.

विनिता आली तेव्हा तळ्याचा चिखल सारखा केलेला होता.

"कसले दगड, बाय?" श्रीपत म्हणाला.

"काका, त्या दगडांच्या जोरावर इथला भराव थांबवायला अर्ज करणार होते मी. आता काय दाखवू?"

हंसाने नवऱ्याकडे असं बघितलं की तो उठून थेट सॅन्टनच्या होडीकडे पळाला. तीनच दगड मिळाले. बाकीचे दोरी तुटून खाडीत गेले होते.

विनिताने एक दगड फिरवून पाहिला. खाचेत निळा नायलॉन अडकलेला. आता संशय तिच्या डोळ्यांत उतरला.

"हे तुमच्याच तळ्यातले कशावरून?"

श्रीपतने खुरपं तिच्यापुढे टाकलं. "खन," तो म्हणाला. "सगळं शेत खन. पन कशावर अंगठा नाय देनार."

"मागितला कोणी?"

ती खुरपं घेऊन चिखलात उतरली. श्रीपत बांधावर बसला, तिच्या हातांवर डोळे लावून. दुपारी हंसाने जेवायला हाक मारली, तर तिथूनच ओरडला, "भाकर इथंच आन! आनि दोघांची आन. जेवायच्या निमित्तानं पन ही नजरेआड नको."