सरांचं आजोळ

आमच्या सरांना चूक म्हणायची भूममध्ये कुणाची टाप न्हाय. सर म्हणजे महारुद्र, माझे मालक. वय सत्त्याहत्तर. जन्मभर विज्ञान शिकवलं आणि शाळेच्या प्रश्नमंजूषेला परीक्षक अजूनही तेच. मी शिवकन्या, त्यांची बायको. मी रोज चुका काढते, पण ते मनावर घेत न्हाईत.

यंदा त्यांनीच विचारलं, १९३३ साली जर्मनी सुटल्यावर आइन्स्टाईनला पहिला आसरा कुठं मिळाला? नववीतली अर्पिता म्हणाली, बेल्जियम. सर म्हणाले, चूक, अमेरिका. झालं, पोरीचा पहिला नंबर गेला. पोरगी लई खमकी. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन थेट आमच्या ओट्यावर हजर.

सरांनी चष्मा लावून वाचलं. एवढासा देश, पण त्यानं आइन्स्टाईनला समुद्राकाठच्या गावात पाच महिने सांभाळलं, दाराशी पोलीस ठेवले. तिथल्या राणीशी तर त्याची व्हायोलिनची दोस्ती. अमेरिका नंतरची. सरांनी पुस्तक मिटलं, आणि माझा जुना राग उफाळून आला.

रझाकारांच्या धामधुमीत माझ्या सासूबाई, मथुराबाई, पोटुशी असताना निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडं पळाल्या. बब्रुवान नावाच्या शेतकऱ्यानं त्यांना ठेवून घेतलं. त्याच्याच घरी सरांचा जन्म झाला. निघताना त्या माणसांनी सासूबाईंची लेकीसारखी ओटी भरली. एकदा तरी जाऊन या, असं सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या. सर म्हणायचे, जाऊ की. दाखल्यावर मात्र जन्मगाव लावलं भूम.

"आइन्स्टाईनचं जाऊ द्या," मी म्हणाले. "तुम्ही तुमचं तरी कुठं लक्षात ठेवलं?"

सर त्या दिवशी जेवले न्हाईत. बक्षीस समारंभात मात्र माइक धरला, सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि पहिलं बक्षीस अर्पिताच्या हातात दिलं. मला वाटलं, संपलं. पण माइक काही सोडेनात.

"आणखी एक उत्तर दुरुस्त करतो," ते म्हणाले. "माझा जन्म भूमचा न्हाय. बार्शीकडच्या बब्रुवानरावांच्या घरचा. ते माझं आजोळ, अन् मी तिथं एकदाबी गेलो न्हाय."

मी तिथंच रडले. कुणाची लाज धरली न्हाय.

सोमवारी त्या घरच्या बाईसाठी लुगडं पिशवीत घालून आम्ही यष्टीनं निघालो. बब्रुवानरावांचा मुलगा ओसरीवर बसला होता, नव्वदीला टेकलेला. सरांनी मथुराबाईचा मुलगा म्हणून ओळख सांगितली. म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरून जवळ बसवलं.

"लई उशीर केलास, भाच्या."

"चुकलं, मामा," सर म्हणाले.

सरांना अरे-तुरे करणारं आता या जगात हे एकच माणूस उरलं होतं.