कोरड्या डोळ्यांची साक्ष

नवरा गेल्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये नेहमीसारख्या साक्षी सुरू झाल्या. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, अशी आमची पद्धत. सातपूरच्या कारखान्यात यांच्याबरोबर काम करणारे एक जण उठले. "वहिनींकडे बघा," म्हणाले, "दफनाच्या वेळी डोळ्यांत टिपूस नाही. याला म्हणतात विश्वास!"

सगळे आमेन म्हणाले. मग आणखी दोघी उठून माझ्याच विश्वासावर बोलल्या. एरवी मी चिडले असते. त्या दिवशी तेवढंही जमेना.

त्या रविवारचा शास्त्रपाठ बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या साक्षीचा होता. तू कोण आहेस, असं लोकांनी विचारल्यावर त्यानं आधी कबूल केलं की मी ख्रिस्त नाही. लहानपणापासून ऐकत आलेय, आणि दर वेळी वाटायचं, यात साक्ष ती कसली? हा तर नुसता नकार.

मी उठले. म्हटलं, "तो विश्वास नव्हता. मला काही वाटतच नव्हतं. आताही वाटत नाहीये."

आणि उभीच राहिले. कोणी आमेन म्हणेना. शेवटी मीच म्हटलं.