म्या न बघितलेलं पेटंट

हे म्या आजपत्तोर कुणाला सांगितलं न्हाय. बायकोला न्हाय, देवाला बी न्हाय. तसा म्या फजित्या लपवणारा माणूस न्हाय, गड्या. दुधाच्या क्यानासकट गटारात पडलो, ते म्याच गावभर सांगितलं. यष्टीची पाटी वाचता येत न्हाय म्हणून भलत्याच गाडीनं परंड्याला जाऊन बसलो, ते बी सांगितलं. लोक हसले, म्या बी हसलो. पर ही गोष्ट आली की तोंड शिवल्यागत व्हतं. का? कारण ह्यात हसण्यासारखं काय बी न्हाय. नुसता संताप हाय — माजा माज्यावर.

नामूतात्या आमच्या आळीतले लोहार. करडई तुमाला ठावं असंल — नुसते काटे. दहिवरानं काटा नरम असतो, म्हणून बाया पहाटं काढायला जात्यात, हाताला पायमोजे घालून. ऊन चढलं की संपलं. तर तात्यांनी एक गाडा केला. हातानं ढकलायचा — पुढं फणी, खाली विळ्याची पातं. माज्या बायकोनं, शालननं, एक सुगी तो गाडा ढकलला. त्या वर्षी तिच्या तळव्यात काटा न्हवता. एक बी.

धाराशिवच्या शेतीच्या प्रदर्शनात एका सायबानं तात्यांना सांगितलं — ह्याचं पेटंट घ्या, पर आधी बघा, असला गाडा दुसऱ्या कुणी केलाय का. छापून आलेली पेटंटं सरकार इंटरनेटवर समद्यांना दाखवतं, चित्रासकट, फुकट. आता बघायचं कुणी? म्या रोज दूध घालायला धाराशिवला जाणारा. वर फुशारकी — ऑनलाइनचं कायबी असू द्या, बाळू करतो. अक्षर वळकत न्हाय अन् ऑनलाइन करतो, व्हय रं मुडद्या?

गेलो. कॉम्प्युटरवाल्या पोरीनं विचारलं, पेटंटचा नंबर हाय का? म्हटलं, न्हाय. तिनं बटनांची पाटी माज्याकडं सरकवली — मग यंत्र काय काम करतं ते हितं लिवा, म्या इंग्रजीत करून शोधते. एवढंच. तोंडानं सांगितलं असतं तरी तिनं लिवलं असतं. पर मागं रांगेत गावातली दोघं हुबी, माजी फुशारकी ऐकलेली. मग म्या काय केलं? म्हटलं, "ऱ्हाऊ दे बाई, आधी माज्या सासूचं पेटंट काढ, तसली दुसरी निघाय नको." समदे हसले. त्या हसण्यातनंच म्या बाहीर सटकलो. गाडीला किक मारली, आलो गावाला.

तात्या गाडा पुसून बसलेले. "काय झालं रं बाळू?"

न्हाय बघितलं म्हणायला तोंड न्हवतं. न्हाय सापडलं म्हणावं तर फुडच्या अर्जाला परत मलाच धाडतील. म्हणून म्हटलं, "एका कंपनीनं आधीच केलंय, तात्या. छापून बी आलंय."

तात्यांना राग न्हाय आला. उलट म्हटले, "मग चित्र आण की. त्यानं काटा कसा चुकवलाय, बघू तरी."

समजलं का तुमाला? माणसाला बघायचं व्हतं. अन् म्या काय म्हणावं — "चित्र बाहेरच्याला देत न्हाईत." जे जगाला दाखवायला म्हणूनच छापत्यात, ते म्या कुलपात घातलं. एका थापेत.

"दुसऱ्याचं डोकं आपुन चोरायचं न्हाय," तात्या म्हटले, अन् गाडा मोडला. पात्यांचे विळे केले. त्यातला एक विळा माज्याच घरात हाय.

गेल्या साली शालनची भाची आली, कॉलेजातली. सहज म्हणून तिला गाड्याचं काम सांगितलं. चहा निवायच्या आत तिनं मोबाइलवर करडईची पेटंटं काढली — चित्रं, पानंच्या पानं. म्या एकेक चित्र बघितलं. चित्राला कुठं अक्षर लागतंय? तात्याच्या फणीसारखं एक बी न्हवतं. तात्यांच्या डोळ्यावर तवर पडदा आलेला, भट्टी बंद. त्यांच्या दारावरनं म्या रोज जातो. हाक मारतो. जोक सांगतो. ते हसत्यात.

औंदा बी शालन करडईला गेली. सांजच्याला उंबऱ्यावर बसून सुईनं काटं काढत व्हती. मला म्हटली, "मोबाइलची बत्ती धरा." म्या धरली. एक काटा निघाला की ती त्या कंपनीवाल्याला शिवी देती. "तात्याच्या आधी ज्यानं कागद केला, त्या मुडद्याच्या हाताला किडं पडू द्यात." दुसरा काटा, दुसरी शिवी. दर सुगीला असंच.

"नीट धरा की, काटा हितं हाय."

म्या बत्ती नीट धरली.