अळ्यांचा रोग आणि माझी मेंढरं

माझी पुतणी प्रियंका सोलापुरात अळ्यांना रोग लावायची नोकरी करती. लोक म्हणत्यात, बिरुदेवा, पोरगी लई शिकली. शिकली की! तिच्या शिक्षणापायी माझी मेंढरं गेली, ते कोण बोलत न्हाय.

आधी ती पक्षी शिकायची. कालिजातनं दुर्बीण घेऊन आमच्याच माळावर यायची, आमच्याच घरची भाकरी खायची. माळढोक कुटं अंडी घालतो, मेंढरं कुटं चरत्यात, सगळं माझ्यासंगं हिंडून बघितलं. जसंच्या तसं लिहून वर वनखात्याला पाठवलं. पुढच्या साली पक्ष्यांपायी माळाला तारांचं कुंपण पडलं, चराई बंद. कळप बाजारात नेला आणि नुसती काठी घेऊन घरी आलो. तवापासनं तिच्याशी बोलणं तोडलं. पुढं तिनं पक्षी सोडले नि अळ्या धरल्या. का, ते मी इचारलं न्हाय. मला काय करायचंय?

यंदा रानात हरभरा केला. मेंढरं न्हाईत, पोट त्याच्यावरच. ऐन दाणं भरताना घाट्यात अळी शिरली. दुकानातली औषधं मारून मारून थकलो, अळी काय मरंना. माझ्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, माझ्या माघारी पोरीला फोन केला. आली बया बाटली घेऊन. रोगानं मेलेल्या अळ्या वाटून, गाळून केलंय म्हणाली. उन्हात मारायचं न्हाय, ऊन त्याला नासवतं. दिवस कलल्यावर, पाण्यात उन्हाला आडोसा म्हणून जराशी कपड्याची नीळ टाकून मारा.

मी बजावलं, माझ्या रानात पाय ठेवायचा न्हाय. ती बांधावरच उभी राहिली. म्हाळसाबाईनं पंप पाठीवर घेतला. माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाय.

आठवड्यानं बघतो तर अळ्या शेंड्याला उलट्या लटकून मेलेल्या. कोळी, मुंग्या, मधमाशा सगळे जितल्या तितं.

प्रियंका बघायला आली, तवाबी बांधावरच थांबली. माझ्या डोक्यात सणक गेली.

"तुझा रोग अळी सोडून कुणाला शिवत न्हाय. मग तवा पक्षी वाचवताना आमीच कसं गं सापडलो?"

तिचा चेहरा उतरला. "म्हणूनच ते सोडलं, आप्पा."

"सोडलंस. पण माझी मेंढरं गेल्यावर."

ती बांधावरनंच माघारी फिरली. हरभरा चांगला आला, खोटं कशाला बोलू. पर पोरीला घरात ये, असं काय मी म्हणलो न्हाय.