उजवा पीळ

कॉलेजच्या लॅबमध्ये उभा जन्म गेलेल्या डावखुऱ्या तारकाकांनी रिटायर व्हायच्या आधी आठ दिवस खपून प्रोटीनचं मॉडेल केलं. जाड तारेचा पीळ, त्यावर छत्तीस लाकडी मणी, एकेक मणी म्हणजे एकेक अमिनो ॲसिड. बायॉलॉजीच्या मॅडम आधी खूश झाल्या, मग थबकल्या.

“काका, पीळ डावा पडलाय हो. शरीरात तो उजवा असतो.”

“एवढंच ना? उलटं करून ठेवतो की!”

काकांनी मॉडेल उलटं धरलं. पीळ डावाच! आडवं धरलं, तरी डावाच.

“राहू द्या, उद्या तुमचा शेवटचा दिवस. कोणाच्या लक्षात येतंय?”

“मुलं हेच बघून शिकणार ना? मी गेल्यावर वर्षानुवर्षं चुकीचंच शिकतील. ते नाही चालायचं!”

“सुंभ जळेल, पण तुमचा पीळ काही जायचा नाही!”

“जायचा नाहीच, मॅडम. फक्त बाजू बदलायचीय.”

काकांनी सगळे मणी काढले, तार ठोकून सरळ केली आणि पाइपावर पुन्हा गुंडाळायला घेतली. सवयीनं हात दोनदा डावीकडेच वळला. “गप रे!” काकांनी हातालाच दटावलं. तिसऱ्यांदा मात्र दहाच्या दहा वेढे उजवे पडले.