बारशाआधी गेलेली

हॅरो स्टेशनवर एक नायजेरियन बाई रोज सकाळी माझ्याच बाकावर बसायची. डब्यातला पहिला घास पर्समधल्या वीतभर लाकडी मूर्तीच्या ओठांना लावायची, मग स्वतः खायची. हात फिरवून फिरवून मूर्तीचं नाक पार झिजलं होतं.

एकदा मी भोचकपणे विचारलंच, "बाहुली का?"

"माझी जुळी बहीण. तान्ही असतानाच गेली. आम्ही योरुबा लोक गेलेल्या जुळ्याला असं सांभाळतो. ती मोठी."

"म्हणजे आधी जन्मली?"

"छे, आधी मी! जग कसं आहे ते बघायला तिनं मला पुढे पाठवलं. धाकट्यांनाच पाठवतात ना?"

माझीही जुळी बहीण होती; ती बारशाआधीच गेली, त्यामुळे तिला नावच नाही. दहा मिनिटांनी मोठी म्हणून मी जन्मभर मिरवले.

ती बाई हल्ली दिसत नाही. मी मात्र डबा उघडला की आधी म्हणते, "ताई, घे."