दुसरी कॉपी कायले?

माझ्या मोठ्या भावाला एक साधी गोष्ट मी उभ्या आयुष्यात समजावू शकलो नाही, ती म्हणजे एकाच फोटोची दुसरी कॉपी कायले ठेवायची. "एक हाये न बे? मंग दुसरी कायले? जागा खाते," हे त्याचं ठरलेलं उत्तर. दादानं सारी उमर फिल्मच्या रोलवर काढलेली. निगेटिव्ह एकच असते, ती पाकिटात घालून खोक्यात टाकली की काम संपलं. आर्णीच्या आमच्या स्टुडिओत डिजिटल कॅमेरा आला, कॉम्प्युटर आला, तरी त्याच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे विजेवर चालणारं खोकंच. मी बोलून बोलून थकायचो. पालथ्या घड्यावर पाणी!

ती कापसाची वाईट वर्षं होती. तरी लग्नं काही थांबत नव्हती. लग्न उन्हाळ्यात लागायचं आणि अल्बम न्यायला लोक यायचे दिवाळीनंतर. "कापूस निघू द्या, मंग नेतो," असं सगळेच म्हणायचे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. तोवर आम्हीही काही छापत नव्हतो. पूर्वी निदान निगेटिव्ह तरी हाताला लागायची. आता अख्ख्या उन्हाळ्याच्या नवऱ्या, नवरदेव, वरमाया, सगळे त्या एका डब्यात बसून राहायचे, आणि डब्याच्या बाजूला दादा चहा पीत असायचा.

त्या वर्षी श्रावणात एक मुलगी दुकानात आली. वैशाखात तिच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते. तिची आई तेव्हाच आजारी होती, उभं राहवत नव्हतं म्हणून मांडवात खुर्चीवर बसून होती. ती आषाढात गेली. मुलगी सांगू लागली, "दुसरा एक बी फोटो नाही जी तिचा. कोणी काढतो म्हटलं का पदर तोंडावर घे. माह्या लग्नात कशी काय काढू देल्ले, देव जाणे." मी म्हटलं, ताई, दोन-चार आत्ताच छापून देतो. तर लगबगीनं नको म्हणाली. "आत्ता नोको. आत्ता पायवत नाही मले. दिवाळीले येतो, तोवर सांभाळून ठेवजा." ती गेली आणि मी त्याच दिवशी दुसऱ्या कॉपीच्या मागे लागलो. कॉम्प्युटरवर भरवसा ठेवायचे ते दिवस नव्हते. आणि आमच्या दादावर तर कधीच नाही.

यवतमाळच्या क्लासात मी बॅच फाइल लिहायला शिकलो होतो. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहायच्या, त्यावर दोनदा क्लिक केलं की काळी खिडकी उघडते आणि कॉम्प्युटर आपणहून कॉपी करत सुटतो. माझी फाइल आधी बाहेरून जोडायच्या दुसऱ्या डिस्कवर सगळे फोल्डर तसेच्या तसे उभे करायची, म्हणजे गावाचं फोल्डर, त्यात लग्नाचं, त्यात हळद, लग्न, पाठवणी, पंगत. मग एकेका फोल्डरात फोटो भरायची, आणि जे आधीच भरले असतील ते सोडून द्यायची. कागदावर किती सोपं! पण दादा फोल्डरला नाव देणार 'बस स्टँड मागचं लग्न'. आता नावात मोकळी जागा आली की ही फाइल तिथंच अडखळून मरते. दादाला सांगितलं, जागा सोडू नको. त्यानं पुढच्या लग्नाचं नाव ठेवलं 'नवीन'. त्याच्या पुढच्याचं 'नवीन नवीन'. आता डोकं आपटावं का भिंतीवर?

मग दादाच्या नावांसाठी अवतरणचिन्हं घातली, तर लोडशेडिंग आडवं आलं. फोल्डर उभे झाले, फोटो जायला लागले, की लाइट गुल. यूपीएस तेवढ्यापुरता कुईंकुईं करायचा आणि मान टाकायचा. शेवटी मी आधी नुसत्या फोल्डरांची चाचणी घेतली, तीही पेनड्राइव्हवर. तेव्हाच्या पेनड्राइव्हमध्ये एका लग्नाची पंगतसुद्धा मावत नसे, पण रिकाम्या फोल्डरांना कुठं जागा लागते? चाचणी चोख निघाली. मग लाइटीच्या वेळा सांभाळत सांभाळत खऱ्या डिस्कवर सगळी लग्नं उतरवली. ती डिस्क दुकानात ठेवलीच नाही. घरी कपाटात, बायकोच्या शालूच्या घडीखाली ठेवली. एक इथं, एक तिथं. दुकानाला आग लागली तरी आता काळजी नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "आग कायले लावतं बे बोलून?"

दसऱ्याला सकाळी मी नेरला सासुरवाडीला गेलतो. दुपारी परत येऊन पाहतो तर दुकानाला आंब्याचं तोरण, दारात रांगोळी, आणि आत साऱ्या हत्यारांची पूजा मांडलेली. ते दरसालचंच होतं. कॅमेरे, फ्लॅश, ट्रायपॉड, फोटो कापायचं कटर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. मधोमध लाल कपड्यावर कॉम्प्युटर. आणि कॉम्प्युटरच्या पुढ्यात, ओलीगच्च, कुंकवानं माखलेली माझी घरची डिस्क!

"हे इथं कसं आलं?" मी ओरडलोच.

"मी आणलं घरून," दादा म्हणाला. "ते बी हत्यारच हाये न आपलं? त्यालेच काहून सोडावं? बिन पूजेचं ठेवणं बरं नाही."

बाप्पा रे! आमच्याकडच्या गर्मीत कॉम्प्युटर तापतो म्हणून त्याच्या डब्याचं बाजूचं झाकण आम्ही कायमचं काढून ठेवलं होतं, टेबलफॅनचा वारा आत जावा म्हणून. दादानं नारळ फोडला तो टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर. अर्धं पाणी उघड्या डब्यात गेलं, अर्धं खाली डिस्कवर. तेवढ्यावरही निभावलं असतं. पुसून आठवडाभर वाळवलं असतं तर काही ना काही वाचलं असतं. पण हत्यार चालवून दाखवल्याशिवाय आमची पूजा पुरी होत नाही. दादानं डिस्क कॉम्प्युटरला जोडली, हात जोडले आणि बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ती डिस्क स्वतःच्या हातानं जोडली होती, आणि तीही बरोबर जागी!

"चर्र असा आवाज आला फक्त," तो म्हणाला.

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. जी माणसं एका जागी असू नयेत म्हणून मी महिनाभर मेलो, ती यानं एका पाटावर बसवून अंघोळ घातली! दादा ऐकत राहिला, शेवटी इतकंच म्हणाला, "पूजाच केली न? पाप तं नाही केलं?"

नागपूरला एक डिस्क दुरुस्त करणारा होता, त्याच्याकडे दोन्ही नेल्या. घरची डिस्क गेलीच होती. दुकानातल्या डिस्कमधून त्यानं जेवढं निघालं तेवढं काढून दिलं. पण ना गावाचं नाव, ना लग्नाचं. सगळ्या लग्नांचे फोटो एका ढिगात, आणि त्यांच्या नावाच्या जागी नुसते आकडे. त्यात कित्येक फोटो वरून अर्धे चांगले आणि खाली नुसता राखाडी रंग. इकडे पेनड्राइव्हवर माझे फोल्डर एकदम शाबूत, हळद, लग्न, पाठवणी, पंगत, सगळे जिथल्या तिथं आणि सगळे रिकामे. घरं आहेत तर माणसं नाहीत, माणसं आहेत तर घराचा पत्ता नाही. हसावं की रडावं ते कळेना. मी बसून ढिगातला एकेक फोटो ओळखून फोल्डरात टाकू लागलो. तालुक्यात मांडववाला एकच, तोच लाल-पिवळा कपडा, त्याच खुर्च्या. कोणती नवरी कोणत्या गावची हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर ती मुलगी आली. मी तिला खरं सांगितलं. दादा मागे स्टुलावर बसला होता, मान खाली घालून. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. तिनं फक्त विचारलं, "मी पाहू का सगळे?" आणि माझ्या खुर्चीवर बसली.

दुसऱ्यांच्या हळदी, दुसऱ्यांच्या पंगती बाजूला सारत ती पाहत राहिली. तिचे स्वतःचे बरेच निघाले, पण त्यात आई नव्हती. मी आतल्या आत जळत होतो, दादावर, नारळावर, लाइटीवर, स्वतःवरही. मग एका फोटोवर ती थांबली. पाठवणीचा फोटो. वर तिचा वाकलेला, रडवेला चेहरा. खालून तिच्या गालावर आलेला एक हात, बोटाला चिंधी गुंडाळलेली. मनगटाच्या खाली सारं राखाडी.

"आई हाये," ती म्हणाली. "आदल्या दिवशी विळीनं बोट कापलं होतं तिचं. आजारी होती तरी भाजी चिरायले बसली होती, ऐकेच ना कोणाचं."

ढिगात तिच्या आईचा दुसरा फोटो निघाला नाही. खुर्चीवर बसलेली आई, तिचा चेहरा, सगळं त्या राखाडीत गेलं होतं. माझ्यानं तिच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ताई, हा खालचा खराब भाग कापून टाकतो, तुमचा चेहरा आणि हात, एवढाच मोठा करून देतो, चांगला दिसेल. आणि माउसनं रेघ ओढायलाही लागलो.

तिनं माझा हात धरला.

"कापू नका जी," ती म्हणाली. "तिथं आई बसून हाये."